राजी मागणारी चौकट

सकाळपासून एर्गाशला कुणी हाक मारली नाही. पहिला चहा झाला, जर्दाळूची पोती घेऊन आलेले ट्रक आवारात लागले, हमालांच्या रोजच्या शिव्या देऊन-घेऊन झाल्या, तराजूवरचा कारकून नाश्ता करून तोंड पुसत परत आला, आणि तरी एकाही दारातून ‘एर्गाश-आका, मशीन राजी मागतंय’ अशी आरोळी आली नाही. त्याने फोन उताणा ठेवला, पालथा ठेवला, पुन्हा उताणा ठेवला. कालही हाका कमीच होत्या. परवा? परवाचं आठवेना. कोकंद शहरातल्या या सुक्या मेव्याच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचं काम त्याचं, आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर नवं काही घालायचं म्हटलं की पडदा काळवंडायचा, मधोमध एक चौकट उगवायची आणि अ‍ॅडमिनचं नाव न् पासवर्ड मागायची. तो पासवर्ड उभ्या कंपनीत एकट्या एर्गाशकडे. डायरेक्टरकडेही नाही. हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण चालताना त्याच्या खांद्यांना ते ठाऊक असायचं. आज खांदे उगाचच जड झाले होते.

‘राजी’ हा शब्द मोहिराचा. मोहिरा हिशेबखात्याची मुख्य. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलायला तिखट आणि हसायला त्याहून मोकळी. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस, हजला निघालेला माणूस, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, भेटेल त्याला म्हणतो, राजी व्हा. म्हणजे माझं काही चुकलंमाकलं असेल तर मनात ठेवू नका. समोरच्याने ‘मी राजी, तुम्हीही राजी व्हा’ एवढंच म्हणायचं. पण तेवढं ऐकल्याशिवाय जाणाऱ्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. असला वजनदार शब्द, आणि ती चौकट पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा मोहिराने खुर्चीत मागे रेलून सगळ्या खात्याला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "बघा गं, मशीनसुद्धा राजी मागतंय. मरायला टेकलंय की हजला निघालंय, विचारा एर्गाश-आकांना." तेव्हापासून गोदामापासून डायरेक्टरच्या दारापर्यंत सगळे ‘राजी’च म्हणू लागले. फाटकावरचा म्हातारा पहारेकरी तेवढा मान हलवायचा. असल्या शब्दाची थट्टा करू नये रे बाबांनो, अंगाशी येते, म्हणायचा. त्याचं कोण ऐकतो.

आणि मोहिराकडे राजी द्यायला जाणं ही गोष्ट वेगळी होती. बाकीचे लोक चौकट आली की नुसते बाजूला सरकायचे, मान वाकडी करून बोटांकडे बघायचे. मोहिरा उठायची. खुर्ची त्याच्यासाठी मोकळी करायची, आणि तो बसला की पाठ फिरवून खिडकीशी जायची. "मी चिनारची पानं मोजते, तुमचं चालू द्या." खुर्चीवरच्या गादीला तिची ऊब असायची. ड्रॉवरमध्ये ती शरदात बेहीची फळं ठेवायची, खायला नाही, वासाला. तो वास त्याच्या मनगटांपर्यंत यायचा. एर्गाश पासवर्ड टाइप करायला जरा जास्तच वेळ लावायचा. दर हंगामाला पासवर्ड बदलावा लागे, आणि कितीतरी वर्षं ते सगळे पासवर्ड याच खोलीतले होते: चिनार, बेही, कड उडालेली चहाची निळी पियाली. तिच्या पाठीमागे बसून तो तिच्याबद्दलच लिहायचा आणि पडद्यावर नुसते ठिपके उमटायचे. जगात कुणालाही कळायची सोय नव्हती, आणि त्यालाही ते असंच हवं होतं. घरी बायको होती, चांगली होती, तिच्या हातच्या जेवणाला नाव ठेवावं असं काही नव्हतं. इथेही तसं काहीच नव्हतं. एक खुर्ची, एक पाठ, दोन घोट चहा. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. एर्गाशने तर दूधही प्यायलं नव्हतं, नुसते डोळे मिटले होते.

मग ताश्कंदहून बोतिर आला. डायरेक्टरने आणला. सगळे कॉम्प्युटर आता एकाच ठिकाणाहून हाकायचे, खोल्याखोल्यांतून पळापळ करायची नाही, असं ठरलं. पोरगा हुशार, उंच, गालाला खळी पडणारा, आणि पहिल्या दिवसापासून एर्गाशला ‘उस्तोज’ म्हणायला लागला. उस्तोज म्हणजे गुरू. गुरूला कामावरून काढायच्या आधी असंच म्हणत असावेत, असं एर्गाशला वाटलं. त्याला हेही दिसलं की पोरींच्या टेबलांवरच्या सुकामेव्याच्या वाट्या आता दाराकडच्या बाजूला सरकल्या आहेत, बोतिर येता-जाता हात घालेल अशा. ते चालेल. तरण्या पोरीच त्या. पण एकदा तो हिशेबखात्यात गेला तेव्हा बोतिर मोहिराच्या टेबलावर दोन्ही हात टेकून वाकलेला होता, त्याचं डोकं तिच्या डोक्याजवळ, आणि दोघं हळू बोलत होते. मोहिरा, जिचं कुजबुजणंही गोदामापर्यंत पोहोचायचं, ती हळू बोलत होती. एर्गाश दिसताच दोघं थांबले. मोहिराने समोरचे कुठलेसे कागद ड्रॉवरमध्ये सरकवले, बेहीचा वास एकदम बाहेर आला आणि ड्रॉवर बंद झाला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असलं काही टोचू नये. पण टोचलं.

"या ना, एर्गाश-आका, चहा घ्या," ती म्हणाली होती, आणि तिने ओतला. आता हे कुणाला सांगायला जावं तर हसतील. आपल्याकडे पियालीत चहा थोडासाच ओततात. जितका कमी तितका मान. म्हणजे बसा, पुन्हा ओतू, घाई नाही. पियाली काठोकाठ भरून दिली तर त्याचा अर्थ पिऊन चालते व्हा. इतक्या वर्षांत मोहिराने त्याची पियाली कधी अर्ध्याच्या वर भरली नव्हती. त्या दिवशी तिने निळी पियाली काठोकाठ भरली. इतकी की बशीत सांडलं. आणि बोतिरपुढच्या पियालीत तळाशी एक घोट. एर्गाशने ती भरलेली पियाली उभ्यानेच संपवली, जीभ भाजली, काम आहे म्हणाला आणि निघाला. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्याने भाजलेली जीभ दातांवर फिरवली. ठीक आहे, तो मनात म्हणाला. समजलं. संध्याकाळी बायकोने विचारलं, आज मीठ कमी झालंय का, बोलत का नाही? तो म्हणाला, जीभ भाजलीय. खरंच होतं ते.

त्यानंतर त्याला सगळीकडे तेच दिसायला लागलं. मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणणाऱ्याला मत्सर कधी झालेलाच नाही. उलट नको ते सगळं दिसायला लागतं. बोतिर जिन्याने वर जाताना मोहिराची फाइल हातात घेतो. मोहिरा हल्ली वरच्या मजल्यावरच्या सभेला जातच नाही, बोतिर तिचे आकडे घेऊन जातो. मोहिराने नवा फोन घेतला, त्यात सगळं बोतिरने भरून दिलं. आणि अक्षरं! एर्गाश आणि मोहिरा लहानपणी शिकले ती रशियन वळणाची जुनी अक्षरं, आणि एकमेकांना निरोप लिहायचे ते त्याच अक्षरांत. कंपनीने कधीच लॅटिन अक्षरांवर उडी मारली होती, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, सगळ्यांची कॉम्प्युटरवरची खाती नव्या अक्षरांत पुन्हा बनवली, ती एर्गाशनेच बनवली. पण ही दोघं आपसात जुन्यातच लिहायची. परवा मोहिराच्या फोनवर त्याची चोरटी नजर गेली तेव्हा ती बोतिरला नव्या अक्षरांत लिहीत होती. एकेक अक्षर शोधत, ओठ हलवत, शाळकरी मुलीसारखी. एवढ्याशा गोष्टीने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शीः, तो स्वतःला म्हणाला. पण पाहिलेलं न पाहिल्यासारखं करता येत नाही.

तर चौकट. आज सकाळपासून हाक न येण्याचं कारण त्याला कळलं ते दुपारच्या सुमारास, आणि तेही आरडाओरड्यातून. चौकट कुणालाच येत नव्हती. म्हणजे लोकांना एर्गाशवाचून काही अडत नव्हतं असं नाही, अडत होतंच, पण मशीन विचारतच नव्हतं. नवं काही घालायला जावं तर पडदा काळवंडायचा नाही, चौकट उगवायची नाही, काम नुसतं थांबून राहायचं. हो नाही, ना नाही. सीमाशुल्काच्या कागदांचा प्रोग्रॅम नवा आला होता, तो घातल्याशिवाय ट्रक सोडता येईना, आणि तो कुठल्याच मशीनवर बसेना. डायरेक्टर बोतिरवर ओरडत होता. एर्गाशने दाराआडून ते शांतपणे ऐकलं आणि त्याला बरं वाटलं. इतकं बरं, की त्याने खिशातली जर्दाळूची बी दातांनी फोडून खाल्ली. थोड्या वेळाने बोतिर त्याच्याकडे आला. खळी नव्हती.

"उस्तोज, राजीची चौकट येत नाहीये. मी सगळं पाहिलं. तुम्ही एकदा नजर टाकाल का?"

"आम्ही जुन्या काळची माणसं," एर्गाश म्हणाला. "तुमच्या नव्यातलं आम्हाला काय कळणार."

बोतिर काहीतरी बोलणार होता. दोन वेळा त्याने तोंड उघडलं. "मोहिरा-ओपा म्हणत होत्या, तुम्हाला..." एवढं म्हणाला, आणि एर्गाशने हात वर करून त्याला थांबवलं. ओपा म्हणजे ताई, पण ते नाव त्या तोंडून ऐकायची त्याची तयारी नव्हती. हल्लीची पोरं म्हाताऱ्या बायांनाही सोडत नाहीत, असं काहीतरी ओंगळ त्याच्या मनात आलं आणि तो स्वतःच दचकला. बोतिर मान खाली घालून गेला.

आणि गंमत अशी की तो गेल्यावर एर्गाश तडक खाली तळघरात गेला. पूर्वी तिथे फळं थंड ठेवायचे. आता सर्व्हर होते. भिंतींना अजून जर्दाळूचा आणि गंधकाच्या धुरीचा वास होता. चौकट त्यालाच शोधायची होती. ट्रकसाठी नव्हे, डायरेक्टरसाठी नव्हे. बोतिरने ती मुद्दाम बंद केली असणार. राजी द्यायचा हक्क गुपचूप स्वतःकडे वळवला असणार, म्हणजे उद्यापासून मोहिराच्या खुर्चीपर्यंत उठून जायचीही गरज नाही, वरूनच बोट दाबलं की झालं, किंवा गरज नसतानाही जाता येईल. हे पुराव्यासकट पकडायचं आणि डायरेक्टरपुढे ठेवायचं. मग मोहिरालाही कळेल. काय कळेल ते त्याने पुढे विचारात घेतलं नाही. तो एकेक नियम उलगडून बघायला लागला. चौकट येणं बंद आहे का? नाही, चालू होतं. साध्या माणसाने मागितल्यावर सरळ नाकारायचं असा हुकूम आहे का? नाही. मागणी आली की राजी देणाऱ्याच्या नावाने चौकट उघडायची, असा नवा नियम होता. मग राजी देणारा कोण, ते पान उघडायला वेळ लागत होता, आणि तेवढ्यात फोन थरथरला.

मोहिराचा निरोप. जुन्या अक्षरांत. ‘एर्गाश-आका, राजी व्हा.’

एवढंच. हसरा चेहरा नाही, चिनार नाही, काही नाही. नेहमी ती ‘मशीन राजी मागतंय’ असं लिहायची, आज ‘राजी व्हा’. हा फरक त्याच्या नजरेला जाणवला, जाणवला नाही असं नाही. पण डोकं दुसरीकडेच पेटलं होतं. आता हिला माझी आठवण झाली! बोतिरला जमेना तेव्हा! कुठलं मशीन, काय घालायचंय, तेही लिहायची तसदी नाही. ये म्हटलं की आला पाहिजे एर्गाश, पियाली काठोकाठ भरून ठेवलीच असेल. त्याने लिहिलं, आणि खोचक दिसावं म्हणून मुद्दाम नव्या अक्षरांत लिहिलं: ‘माझ्याकडे कशाला? राजी आता बोतिरकडे मागा.’ पाठवलं. लगेच तिकडे वाचलं गेलं, दोन्ही खुणा निळ्या झाल्या. त्याने वाट पाहिली. ती हजरजबाबी बाई. काहीतरी टोला येणार, आणि त्यावर काय म्हणायचं तेही त्याने ठरवून ठेवलं. काही आलं नाही. बरं झालं, बसू दे चिडून, तो म्हणाला. छातीत एक ओंगळ समाधान पसरलं, कडू बदाम चावल्यावर पसरतं तसं.

आणि मग ते पान उघडलं. राजी देणारा: एकच माणूस. एर्गाश.

त्याने पुन्हा वाचलं. बोतिरचं नाव कुठेच नव्हतं. नवा नियम घालताना त्या पोराने सगळ्या कंपनीचा हक्क उस्तोजच्या नावावर लिहिला होता, आणि त्याचा गाजावाजा करणं सोडाच, सांगितलंही नव्हतं. कदाचित सांगायला आला असेल आणि एर्गाशने हात वर केला असेल. मग चौकट उघडत का नव्हती? त्याने नावाकडे नीट पाहिलं आणि त्याला हसू आलं, एकट्यानेच, त्या थंड खोलीत. नाव जुन्या अक्षरांत होतं. अक्षरं बदलली तेव्हा सगळ्यांची जुनी खाती पुसली होती, स्वतःचं मात्र एर्गाशने नुसतं बंद करून ठेवलं होतं. पुसायला हात धजला नव्हता. बोतिरला दोन एर्गाश दिसले, आणि वयाचा मान ठेवून त्याने जुन्या अक्षरांतला निवडला. नवा हुकूम एकेका मशीनवर पोचत गेला तसतशी सगळी कंपनी त्या बंद एर्गाशच्या दारावर धडका मारत होती आणि आत कुणी नव्हतं. त्याने जुनं नाव काढलं, नवं घातलं, सगळ्या मशीनना हुकूम नव्याने घ्यायला लावला. लाजही वाटत होती आणि मुलासारखा आनंदही होत होता. मोहिराला हे सांगायला पाहिजे. ती खुर्चीत मागे रेलून हसेल. आपण तिला काय लिहिलंय ते तो विसरला नव्हता, पण त्याचीही थट्टा करता येईल, माफी मागता येईल. एक पियाली चहा, त्यात काय. तळघराच्या पायऱ्या तो तरण्यासारखा चढला.

हिशेबखात्यात मोहिराची खुर्ची रिकामी होती. तिच्या मशीनपुढे बोतिर उभा होता, सीमाशुल्काचा प्रोग्रॅम पुन्हा घालून बघत.

"मोहिराखोन कुठे गेल्या?"

बोतिरने वळून पाहिलं. "गेल्या ना, उस्तोज. मघाच्या गाडीने. उद्या सकाळी ऑपरेशन आहे ताश्कंदला. हृदयाचं." मग एर्गाशचा चेहरा बघून तो थांबला. "तुम्हाला माहीत नव्हतं? मी सांगायला आलो होतो. माझी बहीण डॉक्टर आहे त्या दवाखान्यात, तिने जागा मिळवून दिली. कुणाला सांगू नको म्हणाल्या होत्या आजपर्यंत, लोक कीव करतात म्हणून. हात थरथरायचे त्यांचे, साधा चहा ओतता यायचा नाही. पण आज जाताना सगळ्यांकडून राजी घेऊन गेल्या. डायरेक्टर, पोरी, फाटकावरचे आजोबा, सगळे. तुम्हाला शोधत होत्या. मी म्हटलं, उस्तोज तळघरात आहेत. त्या पायऱ्यांपर्यंत गेल्या. पण जिने चढायला-उतरायला मनाई आहे ना. म्हणाल्या, असू दे, त्यांना मी लिहिते."

खोलीत बेहीचा वास होता. पियाली धुऊन पालथी ठेवली होती. एर्गाशने फोन काढून तिला लावला. बंद आहे, असं एक बाई नव्या ठसठशीत उच्चारात सांगत होती. त्याने पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई. मग त्याने जुन्या अक्षरांत लिहिलं, ‘मी राजी आहे, मोहिराखोन. तुम्हीही राजी व्हा,’ आणि पाठवलं. एकच करडी खूण उमटली. तो त्या खुणेकडे बघत राहिला. तिच्या वर त्याचं मघाचं वाक्य होतं, निळ्या खुणांचं, वाचलेलं. आणि त्याच्या वर तिचं. या तिन्ही निरोपांच्या मध्ये काहीही लिहिण्याइतकी जागा नव्हती. तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडला असेल की नाही, हे आता कुणाला विचारणार.

"उस्तोज!" बोतिर ओरडला. "आली, आली!"

पडदा काळवंडला होता. मधोमध चौकट होती, नव्या अक्षरांत त्याचं नाव लिहिलेली, पासवर्डची वाट बघत. बोतिरने खुर्ची पुढे सरकवली, आणि एर्गाश बसताच तो पाठ करून खिडकीशी जाऊन उभा राहिला. हे त्याला कुणी शिकवलं असेल ते सांगायला नको होतं. गादी गार होती. बाहेर चिनारची पानं गळत होती, आवारात ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. एर्गाशने बोटं टेकवली. पासवर्ड त्याला पाठ होता, झोपेतही आला असता. पण बोटांनी लिहिलं ते दुसरंच, एकच वाक्य, मी राजी आहे, आणि ठिपक्यांची एक ओळ उमटली. त्याने बटन दाबलं.

नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे, असं चौकटीने सांगितलं आणि पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच लिहिलं.

"झालं का, उस्तोज?" बोतिरने मान न वळवता विचारलं.

"नाही," एर्गाश म्हणाला.